ज्वालारोधक रसायनांविना सोफ्याची अग्निसुरक्षा

सोफा, खुर्ची, गादी यांच्या फोममध्ये रसायने न मिसळता, खोळीचे कापड आणि अस्तर नीट निवडून आगीचा धोका कमी करण्याची पद्धत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे ‘टीबी ११७-२०१३’ (टीबी म्हणजे टेक्निकल बुलेटिन) हे मानक याचे ठळक उदाहरण होय.

१९७५ च्या मूळ मानकानुसार (टीबी ११७) सोफ्यातला उघडा फोम लहान ज्योतीपुढे १२ सेकंद टिकावा लागे. पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो. म्हणून उत्पादक त्यात ब्रोमीन वा क्लोरीनयुक्त ज्वालारोधके घालू लागले. खोट चाचणीतच होती. घरात आग आधी खोळीला लागते आणि पेटलेल्या खोळीची ज्वाला चाचणीतल्या ज्योतीपेक्षा कितीतरी मोठी असते. तिच्यापुढे या रसायनांची मात्रा चालत नाही. धूर मात्र जास्त विषारी होतो आणि तो अग्निशमन जवानांच्या छातीत जातो.

ही ज्वालारोधके बहुधा फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, त्यामुळे हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत बसतात. रांगणारे मूल तीच धूळ लागलेला हात तोंडात घालते. थायरॉइडच्या कार्यात ढवळाढवळ करणाऱ्या पेंटाबीडीई या ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकाचे अमेरिकेतील उत्पादन २००४ अखेर थांबले, पण त्याच्या जागी बऱ्याच सोफ्यांत क्लोरीनयुक्त ट्रिस आले. अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांच्या इशाऱ्यांनंतर १९७० च्या दशकात मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून गेलेले हेच रसायन. ते पुन्हा घरात येऊ देणे अक्षम्य होते.

२०१२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने रसायन उत्पादकांच्या पैशावर चाललेला ज्वालारोधकांच्या बाजूचा प्रचार उघड केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मानक बदलण्याचे आदेश दिले.

नव्या चाचणीत बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत पेटती सिगारेट ठेवून वर कापड झाकतात. ४५ मिनिटांनंतर नमुना धुमसत राहिला, किंवा खोळीचा जळका डाग ४५ मिलिमीटरपेक्षा वर चढला, तर कापड नापास. लोकर, कातडे, घट्ट विणीचे पॉलिएस्टर सहसा धुमसत नाहीत. जाड सुती आणि लिनन कापड धुमसते. अशा खोळीखाली रोधक अस्तर घालतात. १ जानेवारी २०१५ पासून ही चाचणी कॅलिफोर्नियात सक्तीची झाली, जून २०२१ पासून अमेरिकाभर. २०२० पासून कॅलिफोर्नियात नव्या सोफ्यात १,००० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत १,००० भाग) जास्त ज्वालारोधक चालत नाही.

मेणबत्ती किंवा काडेपेटीच्या ज्योतीची परीक्षा हे मानक घेत नाही. तिथे धूरसूचक यंत्र आणि पाणी फवारणारे स्प्रिंकलर कामी येतात.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी सोफा घेताना त्यावरची चिठ्ठी वाचावी. ज्वालारोधके घातली आहेत की नाहीत, यांपैकी एका चौकटीत फुली असते. २०१५ पूर्वीचा सोफा असेल तर फाटलेली खोळ लगेच शिवावी, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि मुलांचे हात जेवणाआधी धुवावेत.