पावती वेगळी, सातबारा वेगळा: अमेरिकेतल्या बंदुकांचा घोळ

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडे दोन ठाम मतं हमखास ऐकू येतात. 'तिथं नोंदच नसते' हे एक. दुसरं, 'सरकारकडे सगळ्यांची यादी आहे, उद्या घरोघर जाऊन बंदुका उचलतील.' दोन्ही चूक, आणि दोन्हींत विक्रीची नोंद नि मालकीची नोंदणी यांची खिचडी झालेली असते.

आपला परवाना ठाऊक आहेच: हत्यार त्यावर चढतं, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. पुढे जाऊ.

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतात. तो दुकानातच राहतो. पार्श्वभूमीची तपासणी होते, पण मंजुरी मिळालेल्या ग्राहकाची माहिती तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेला २४ तासांत पुसावी लागते. देशभराची नोंदवही करायला तर १९८६च्या कायद्यानं बंदीच घातली आहे.

खरी गोम पुढे आहे. हा कागद एकाच दिशेनं चालतो. गुन्ह्यात बंदूक सापडली, की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या, बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी केंद्रातली माणसं तिच्यावरचा क्रमांक घेऊन कारखान्याला विचारतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. तेव्हा कुठे पहिला ग्राहक कळतो. पहिलाच! त्यानं ती शेजाऱ्याला विकली असेल, तर बऱ्याच राज्यांत त्याचा कागदच नसतो. आणि 'अमक्याच्या घरी किती बंदुका?' याचं उत्तर तिथं मिळत नाही. बंद पडलेल्या दुकानांचे कोट्यवधी कागद त्या केंद्रात आहेत, पण ते नावानं शोधता येत नाहीत. तशी सोय मुद्दामच ठेवलेली नाही. सातबाऱ्यावर फेरफार चढतो, पावतीवर चढत नाही.

खरी नोंदणीही आहे: मशीनगनची १९३४पासून, शिवाय हवाई राज्यात सगळ्याच बंदुकांची.

जप्तीच्या भीतीला मी वेडगळ म्हणणार नाही. न्यूयॉर्क शहरानं १९६७मध्ये रायफलींची नोंदणी सक्तीची केली, १९९१मध्ये त्यांतल्या काही प्रकारांवर बंदी आणली, आणि मालकांना पत्रं गेली ती त्याच यादीवरून. पण ती नोंदणीची यादी होती, दुकानातल्या फॉर्मचा गठ्ठा नव्हे. हा फरक न सांगता न्यूयॉर्कचा दाखला देणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

कॅलिफोर्नियाची गोष्ट निराळी. तिथं खासगी व्यवहारही बहुतेक दुकानदारामार्फतच करावा लागतो, विक्रीची नोंद राज्य स्वतःकडे ठेवतं, आणि पुढे कुणी गुन्ह्यात दोषी ठरून अपात्र झाला तर त्याच नोंदीवरून त्याच्या बंदुका काढून घेते. तिथं कुणी 'ही नुसती पावती' म्हणालं, तर ते मला पटत नाही.