मद्यपाश : आजार की दुर्गुण

मद्यपाश म्हणजे दारू पिण्यावर स्वतःचा ताबा न राहण्याची, वर्षानुवर्षे टिकणारी आणि सुटल्यावरही उलटू शकणारी अवस्था. तिला आजार म्हणावे की दुर्गुण, हा वाद दोन शतकांहून जुना आहे. वैद्यकशास्त्राचे उत्तर ‘आजार’ असे आहे आणि ते बरोबर आहे. मात्र ते पिणाऱ्या प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि निम्मे वाद ही मर्यादा सांगायची राहून गेल्यामुळे होतात.

बेंजामिन रश (अमेरिका, १७८४) आणि टॉमस ट्रॉटर (ब्रिटन, १८०४) या डॉक्टरांनी अतिमद्यपानाला प्रथम ठामपणे रोग म्हटले. ‘अल्कोहोलिझम’ हा शब्द स्वीडनच्या मॅग्नस हुस यांनी १८४९ मध्ये घडवला. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेने आजाराची कल्पना घरोघरी नेली. भारतात ही संघटना १९५७ मध्ये आली. तिच्या मराठी सभांमध्ये ‘दारुडा’ म्हणत नाहीत, ‘मद्यपाशी’ म्हणतात. १९६० मध्ये मद्यपानाचे अभ्यासक जेलिनेक यांनी मद्यपानाचे पाच प्रकार मांडले. त्यांतले गॅमा (पिणे सुरू झाले की ताबा सुटणे) आणि डेल्टा (न पिता एक दिवसही राहता न येणे) हे दोनच त्यांनी खऱ्या अर्थाने आजार मानले. पुढच्या प्रचारात नेमकी हीच मर्यादा गळून पडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात ‘अपायकारक सेवन’ आणि ‘अवलंबन’ ही निदाने वेगवेगळी आहेत; मद्यपाश म्हणजे यांतले अवलंबन. अवलंबनाची लक्षणे तीन : किती, केव्हा आणि कुठे थांबायचे यावरचा ताबा जाणे, नोकरी, घर, प्रकृती या सगळ्याच्या आधी दारू येणे, आणि शरीराला सवय लागणे, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागणे किंवा न मिळाल्यास त्रास होणे. यांतली दोन, साधारण वर्षभर दिसली की निदान होते. रोज किती घेतो हा आकडा या कसोटीत नाही. क्वार्टर, म्हणजे १८० मिली व्हिस्की, यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. ती रोज रिचवणाऱ्याचे यकृत नक्कीच धोक्यात असते, पण अवलंबनाचे निदान वरच्या लक्षणांवरूनच होते. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागणे आणि पहिला घोट पोटात गेल्यावर हात स्थिर होणे ही खूण कितीतरी जास्त बोलकी आहे.

ती थरथर इच्छाशक्तीच्या कमतरतेने होत नाही. दारू मेंदूतील शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोजच्या दाबाला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, उत्तेजना तेवढीच उरते. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, तापही चढतो. पाय मोडून दवाखान्यात दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे किडे वेचू लागतो, पलंगावरून उतरून पळू पाहतो. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे नातेवाईक समजतात. खरे कारण हे की त्याच्या पिण्याची चौकशी दाखल करताना कुणी केलेलीच नसते. उपचार न झाल्यास या भ्रमावस्थेत मृत्यूही येतो. तुळशीची माळ घालून अनेकांची दारू सुटली आहे, तो मार्ग कमी लेखू नये. पण सकाळीच हात थरथरणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टर गाठावा.

‘स्वतःच्या हाताने प्यायला, मग आजार कसला?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. पहिला पेला निवडीचा असतो हे खरेच. पण जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजाराचा सुमारे निम्मा धोका आनुवंशिक असल्याचे दिसते. आणि टाइप-२ मधुमेहातही खाण्याच्या सवयींचा वाटा असतो, म्हणून कुणी इन्शुलिन नाकारत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पुष्कळ लोक उपचाराशिवाय सोडतात. यांतले बहुतेक सौम्य टोकाचे असतात, आणि त्यांना ‘तू आयुष्यभराचा रोगी’ असे सांगणे चूकच. तिसरी भीती, आजार म्हटले की जबाबदारी सुटते, ही निराधार आहे. स्वखुशीने प्यायलेल्याची नशा भारतीय फौजदारी कायद्यात गुन्ह्याची सबब होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्था घेतल्या. तरीही विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित वगळणुकींत दारूच्या व्यसनावरील उपचारच नव्हे, तर त्याचे परिणामही आहेत. कायद्याने ज्याला आजार म्हटले, त्याचे बिल मात्र घरच्यांनीच भरायचे, हा अन्याय आहे.

उपचार दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात, दारू थांबल्यावरचा त्रास आवरण्यासाठी, डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही मेंदू शांत करणारी औषधे देऊन पाच ते सात दिवसांत त्यांची मात्रा उतरवतात. यकृत बिघडले असेल तर लोराझेपाम. थायमिन (ब१) ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यावे लागते, कारण आधीच ब१ संपलेल्या मेंदूत साखर गेली तर स्मृती कायमची जाऊ शकते. घरचे नेमके इथे थांबतात : आठवड्यात चेहरा उजळतो, ‘सुटली’ असे वाटते, माणूस घरी येतो आणि महिन्याच्या आत पुन्हा पितो. खरे काम दुसऱ्या टप्प्यात असते, आणि ते महिने-वर्षे चालते. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, सोबत समुपदेशन, गट आणि पाठपुरावा.

डायसल्फिरामबद्दल वेगळे सांगायला हवे. हे औषध दारूचे शरीरातले विघटन अर्ध्यावर अडवते. अॅसिटाल्डिहाइड साठून चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलटी होते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या पेल्यानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत परिणाम उरतो. मद्यार्क असलेले खोकल्याचे औषधही चालत नाही. म्हणूनच ‘त्यांना न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींवर विसंबून भाजीत या औषधाची पूड मिसळणे जिवावर बेतू शकते. पिणाऱ्याला ठाऊक नसते, तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमकुवत असेल तर संपतो. बायकोने हे नाइलाजाने केलेले असते; तिला दोष देण्याऐवजी तिच्यापर्यंत उपचार पोचायला हवा होता.

तो पोचत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटात सुमारे २.९ कोटी भारतीय दारूवर अवलंबून आहेत आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणायची रीत पाडली आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा केला. आजारपण घरभर पसरलेले असते हे त्यामागचे निरीक्षण. रुग्ण यायला तयार नसेल तरी कुटुंबाला एकट्याने सल्ला घेता येतो. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ वर आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन विनामूल्य लागतो.