अ‍ॅटलेटिको माद्रिदचं बोधचिन्ह: 2017 चा बदल आणि 2024 ची माघार

1 जुलै 2024 रोजी अ‍ॅटलेटिको माद्रिद या स्पेनमधल्या फुटबॉल क्लबने 1947 चं बोधचिन्ह पुन्हा वापरात आणलं. त्याआधी वर्षभर, जून 2023 च्या अखेरीस, सभासदांचं मतदान झालं आणि 88 टक्क्यांहून जास्त मतं जुन्या चिन्हाला पडली. एवढ्या मोठ्या क्लबने सात वर्षं चालवलेला नवा लोगो मागे घेणं फारच दुर्मीळ. पारंपरिक लोगोला हात लावावा की नाही, यावर कुठेही वाद सुरू झाला की आता माद्रिदचा दाखला निघतो, आणि तो दोन्ही बाजू देतात. बदलाचे समर्थक म्हणतात, अडचणी खऱ्या होत्या, क्लबने त्या नीट समजावून सांगितल्या नाहीत. विरोधक म्हणतात, चिन्ह क्लबच्या मालकांचं नसतंच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सारख्या वजनाचं नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1903 मध्ये माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून हा संघ काढला. सुरुवातीला जर्सी निळी-पांढरी होती, 1911 पासून लाल-पांढरे पट्टे आले. माद्रिद शहराच्या राजचिन्हातलं अस्वल, माद्रोन्योचं झाड आणि सात तारे क्लबच्या चिन्हात आले ते त्यानंतर. यादवी युद्ध संपल्यावर 1939 मध्ये हवाई दलाच्या संघाशी विलीनीकरण झालं आणि चिन्हाला पंख लागले. 1941 मध्ये परकीय नावांवर बंदी आल्याने ‘अ‍ॅथलेटिक’चं ‘अ‍ॅटलेटिको’ झालं. 1947 मध्ये हवाई दलाशी असलेलं नातं सुटलं, पंख गेले आणि आज ओळखीचं असलेलं चिन्ह ठरलं.

या टप्प्यांवर जरा थांबायला हवं, कारण नवं चिन्ह जाहीर झालं त्या 2016 च्या डिसेंबरपासून एक युक्तिवाद सतत ऐकू येत होता: चिन्ह आधीही अनेकदा बदललंय, मग आताच ओरड कशाला? वर वर पाहता हे बरोबर आहे. पण आधीचा प्रत्येक मोठा बदल कशामुळे झाला ते पाहा. 1939 चा बदल विलीनीकरणामुळे झाला, 1947 चा ते विलीनीकरण संपल्यामुळे. क्लबच बदलला होता, म्हणून चिन्ह बदललं. 1947 नंतर 70 वर्षं रेघांची किरकोळ डागडुजी सोडली तर ते तसंच राहिलं. 2017 मध्ये नाव तेच होतं, रंग तेच होते, संस्थाही तीच होती. बदललं होतं ते मैदान, आणि विक्रीचं गणित.

9 डिसेंबर 2016 रोजी क्लबने नव्या मैदानाचं नाव आणि नवं चिन्ह एकाच कार्यक्रमात जाहीर केलं. मैदानाच्या नावात एका चिनी उद्योगसमूहाचं नाव होतं. मांसानारेस नदीकाठचं, 1966 पासूनचं घर सोडून शहराच्या पूर्व टोकाला जायचं होतं. म्हणजे घर, घराचं नाव आणि छातीवरची खूण, तिन्ही गोष्टी एका हंगामात जाणार होत्या. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली, आणि तिचा रेखाटनाशी काही संबंध नाही. स्थलांतराच्या वर्षी जुनं चिन्ह नव्या मैदानावर नेलं असतं, तर त्या परक्या इमारतीला ओळख मिळाली असती. आपण कोण आहोत हे सांगणाऱ्या गोष्टी एकावेळी एकच बदलायची असते.

आता बदलाच्या बाजूची कारणं, कारण ती पोकळ नव्हती. जुन्या चिन्हात तपकिरी अस्वल, हिरवं झाड, त्यावर लाल फळं, निळ्या पट्टीत सात पांढरे तारे आणि लाल-पांढरे पट्टे आहेत. जर्सीवर चिन्हाची उंची साधारण 7 ते 8 सेंटीमीटर असते. मशीन भरतकामाचा नेहमीचा धागा सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीचा असतो आणि सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारी शेजारी घातलेल्या सरळ टाक्यांची, पट्टी 1 मिलिमीटरपेक्षा अरुंद केली की कडा फाटल्यासारख्या दिसतात. या मापात एकेका ताऱ्याच्या वाट्याला 4–5 मिलिमीटर येतात. पाच टोकं त्यात मावत नाहीत, धागा भरतो आणि ताऱ्याचा ठिपका होतो. अस्वलाचे पंजे आणि झाडाच्या फांद्या जिथे भेटतात तिथे दोन रंगांचे टाके एकमेकांवर चढतात. घनता वाढली की खालचं पातळ पॉलिस्टर आकसतं आणि चिन्हाभोवती चुण्या पडतात. खेळाडूंच्या जर्सीवर भरतकामाऐवजी उष्णतेने चिकटवलेला रबरी थर असतो. त्यात बारीक सुटे तुकडे ठेवले तर काही धुलाईनंतर तेच आधी सुटतात.

दुसरी अडचण एका रंगाची. बूट, पाण्याची बाटली, करंडकावरचं कोरीव काम, कागदपत्रांवरचा शिक्का, अशा ठिकाणी एकच रंग मिळतो. जुनं चिन्ह सरळ करड्या छटांत नेलं की तपकिरी अस्वल आणि हिरवं झाड जवळपास एकाच छटेत येतात आणि दोघांचा मिळून एक गोळा दिसतो. तिसरी अडचण पडद्याची. ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह 16 बाय 16 पिक्सेलचं असतं, तिथे एका ताऱ्याला जेमतेम एक पिक्सेल मिळतो.

नव्या चिन्हाने हे प्रश्न सोडवले. रंग कमी केले, अस्वल आणि झाड एकरंगी केलं, रेघा जाड केल्या, ढालीच्या कडा गोलसर केल्या. छोट्या मापात ते खरोखर स्वच्छ उमटतं. पण 16 पिक्सेलसाठी केलेली काटछाट मोठ्या मापात अंगावर येते. तीच आकृती मैदानाच्या भिंतीवर काही मीटर उंचीची झाली की रिकाम्या जागा दिसू लागतात. अस्वलाला केस नाहीत, झाडाला फळं नाहीत, डोळा कुठे ठरत नाही.

चिन्हं रेखाटण्याच्या धंद्यात यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. चिन्हाची तीन मापं करतात. मोठ्या मापासाठी संपूर्ण रेखाटन. मधल्या मापासाठी त्याच रेखाटनाची उघडी आवृत्ती, ज्यात फळं काढतात, फांद्या कमी करतात, रेघांमधलं अंतर वाढवतात, पण रंग आणि बाह्याकार तसाच ठेवतात. आणि अगदी छोट्या मापासाठी एखादाच भाग, जसं नुसतं अस्वल-झाड किंवा नुसते पट्टे आणि तारे. एकरंगी वापरासाठी वेगळं चित्र हातानेच काढावं लागतं. दोन आकृत्यांमध्ये पांढरी फट सोडावी लागते, आपोआप करड्या छटांत नेऊन चालत नाही. भरतकाम जमत नसेल तर विणलेला बिल्ला शिवतात, त्यात धागा बारीक असल्याने तारे तारे राहतात. हे सगळं 1947 च्या चिन्हावर करता आलं असतं आणि 2024 नंतरही त्याच वाटेने जावं लागतं. म्हणून तांत्रिक कारणांमुळे मूळ चिन्हच बदलणं भाग होतं, हे म्हणणं पटत नाही. त्या कारणांनी सोबतची आवृत्ती हवी, एवढंच सिद्ध होतं.

मग न विचारता बदल कसा झाला? इथे स्पेनमधला क्लबच्या मालकीचा कायदा माहीत असावा लागतो. 1990 च्या क्रीडा कायद्याने कर्जात बुडालेल्या व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनी व्हावं लागलं. सभासदांच्या मालकीचे म्हणून चारच मोठे क्लब उरले: रियाल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ आणि ओसासुना. अ‍ॅटलेटिको 1992 मध्ये कंपनी झाला. तिथला ‘सोसिओ’, म्हणजे सभासद, वर्गणी भरतो, हंगामाचं तिकीट घेतो, पण मालकीत त्याचा वाटा नाही. त्यामुळे 2016 मध्ये संचालकांनी ठरवलं आणि जाहीर केलं, कायद्याने कुणाला विचारणं बंधनकारक नव्हतं.

बार्सिलोनाशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. 2018 मध्ये तिथेही ‘एफसीबी’ ही अक्षरं काढून सुटसुटीत चिन्ह आणायचं ठरलं. प्रस्ताव सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. पण ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधी सभासदांची सभा व्हायची होती. विरोध इतका तीव्र होता की मतदान होण्याआधीच प्रस्ताव मागे घेतला गेला. एकही जर्सी नव्या चिन्हासह बाजारात आली नाही. एका क्लबमध्ये चूक महिन्याभरात कागदावरच थांबली, दुसऱ्यात ती निस्तरायला सात वर्षं गेली. या दोन्ही प्रस्तावांत रेखाटनाचा दर्जा फार वेगळा होता असं नाही.

त्या सात वर्षांत माद्रिदच्या स्टँडमध्ये जुन्या चिन्हाचे झेंडे कमी झाले नाहीत. नवं मैदान, नवे प्रेक्षक, 2021 चं लीग विजेतेपद, एवढं सगळं होऊनही सवय झाली नाही. ‘थोडा वेळ द्या, लोक विसरतात’ हा सल्लागारांचा नेहमीचा अंदाज इथे साफ चुकला.

मतदान 2023 मध्ये झालं, मग बदल 2024 मध्ये का? यात टाळाटाळ नव्हती. मोठ्या क्लबच्या जर्सीचा आराखडा साधारण वर्ष-दीड वर्ष आधी गोठवला जातो. जूनअखेर निकाल लागला तेव्हा 2023–24 चं कापड रंगवून, शिवून, चिन्ह लावून गोदामात पडलं होतं. शिवाय चिन्ह फक्त जर्सीवर नसतं. वयोगटांचे संघ, महिला संघ, सराव किट, सभासद कार्डं, तिकिटांचे नमुने, बस, दुकानांच्या पाट्या, पत्रकार परिषदेचा फलक, प्रक्षेपकांचे ग्राफिक्स, लीगची नोंद, व्हिडिओ गेम आणि स्टिकर अल्बमचे परवाने, हे सगळं एका तारखेला बदलावं लागतं. तारीख एकच नसेल तर मैदानावर एक चिन्ह आणि टीव्हीच्या कोपऱ्यात दुसरं, असं महिनोन्‌महिने चालतं. 1 जुलै ही तारीख निवडतात ती त्या दिवशी नवा हंगाम सुरू होतो म्हणून. नोंदणीचाही मुद्दा असतो. युरोपियन युनियनमध्ये ट्रेडमार्कचा हक्क 10 वर्षांचा, पण सलग 5 वर्षं वापर नसेल तर तो रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणून शहाणे क्लब जुनं चिन्ह निदान जुन्या धाटणीच्या मालावर चालू ठेवतात.

या प्रकरणाचा एक धागा भारतातही येतो. 2014 मध्ये माद्रिदच्या भागीदारीत अ‍ॅटलेटिको दे कोलकाता हा संघ लाल-पांढऱ्या पट्ट्यांत उतरला आणि त्याच वर्षी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) पहिलं विजेतेपद त्याने जिंकलं. 2017 मध्ये माद्रिद बाहेर पडलं, नाव उरलं ‘एटीके’. 2020 मध्ये हा संघ 1889 च्या मोहन बागानशी जोडला गेला. तिथे चिन्हातली शिडाची होडी राहिली, हिरवा-मरून रंगही राहिला, आडवी आली ती ‘एटीके’ ही तीन अक्षरं. समर्थकांनी ती काढा म्हणून तीन हंगाम मोहीम चालवली. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकल्यावर नाव बदलण्याची घोषणा झाली आणि 1 जूनपासून ती अंमलात आली. माद्रिदचं मतदान त्याच महिन्याच्या शेवटी झालं.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आता कायद्यात गेला आहे. 2012 मध्ये वेल्समधल्या, पण इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या कार्डिफ क्लबने निळा रंग टाकून लाल घेतला आणि 2015 मध्ये तो परत आणावा लागला. 2013 मध्ये एव्हर्टनने ब्रीदवाक्य काढलेलं चिन्ह आणलं, माफी मागितली आणि समर्थकांच्या मतदानाने दुसरं निवडलं. 2018 च्या जानेवारीत लीड्सने सुमारे 10,000 जणांशी चर्चा केल्याचं सांगून नवं चिन्ह दाखवलं आणि लगेच मागे घेतलं. विचारलं होतं, पण लोकांनी हो म्हटलं ते चिन्ह बदलण्याच्या कल्पनेला. प्रत्यक्ष चित्र समोर ठेवून जुनं की नवं असा सरळ प्रश्न विचारला तरच उत्तराला किंमत असते, जसा माद्रिदमध्ये 2023 ला विचारला गेला.

2025 च्या इंग्लिश फुटबॉल कायद्यानुसार चिन्हात किंवा घरच्या जर्सीच्या मुख्य रंगात महत्त्वाचा बदल करायचा तर इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुसंख्य समर्थकांचा त्याला पाठिंबा आहे, याची वाजवी खातरजमा क्लबला करावी लागते. पेच ‘महत्त्वाचा’ या शब्दात आहे. ब्रीदवाक्य काढणं त्यात बसणार, हे उघड आहे. पण छोट्या मापाच्या आवृत्तीतून फळं गाळली, निळ्याची छटा एक पायरी गडद केली, किंवा आधी फक्त ॲपसाठी केलेलं एकरंगी चिन्ह तिसऱ्या, म्हणजे घरच्या आणि बाहेरच्या जर्सीखेरीज असलेल्या पर्यायी जर्सीवर आणि मग हळूच पहिल्या जर्सीवर आणलं, तर मोजायचं कुठून? क्लब बहुतेक वेळा याच शेवटच्या वाटेने जातात, आणि समर्थकांच्या संघटनांनी तिसऱ्या जर्सीपासूनच लक्ष ठेवायला हवं.