पोटरी भरली म्हणजे ताकद आली?
"सोनोग्राफी पोटाची, नाहीतर गरोदरपणातली, स्नायूंचं त्यात काय दिसणार?" हा समज फार जुना आणि साफ चुकीचा आहे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू हळूहळू कमकुवत करणाऱ्या जनुकीय आजारात मुलाच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या दिसतात, घरचे सुखावतात. पोटरीवर सोनोग्राफीचा प्रोब (त्वचेवर फिरवायचं उपकरण) टेकवला की खरं कळतं. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर, त्याखाली हाडाची ठळक पांढरी रेघ. आजारात स्नायूची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. सगळं पांढुरकं होत जातं आणि शेवटी हाडाची रेघही हरवते. संशोधक हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याच्याच ४ पायऱ्या ठरवल्या. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूलही नाही. लहानग्यासाठी हे किती मोलाचं! निदानासाठी जनुकीय तपासणी मात्र लागतेच.