हुमणीची बुरशी उसाला लागत नाही

शिरोळ-हातकणंगलेकडं पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “हुमणीवर बुरशी टाकशीला आणि ऊसच कुजवून घेशीला.” हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, आणि तिला मारायला मातीत एक बुरशी टाकतात. भीती समजते. लाल कुजीनं फड गेलेला ज्यानं पाहिलाय, त्याला बुरशी म्हटलं की धडकी भरणारच. पण लाल कुजीची बुरशी वेगळी, कोलेटोट्रायकम. हुमणीसाठी वापरतात ती मेटारायझियम, आणि ती उसाला रोग करत नाही.

तिचं काम बघण्यासारखं आहे. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, विकरांनी कातडी विरघळवत आत शिरतो. अळीनं ती खावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरे. काही दिवसांत अळी मरते, कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी पडते. हा हिरवा रोग मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांत ओळखला. पुढं १९०८ चं नोबेल मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी!

“टाकली, पण काहीच झालं नाही” ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. कोरड्या रानात, भर उन्हात उघडी टाकली तर बीजाणू मरतात. बुरशीनाशकात मिसळली तरी तेच. मुरलेल्या शेणखतात कालवून, ओल असताना मुळांजवळ मातीआड करावी, तेही अळ्या लहान असताना. मोठ्या झालेल्या हुमणीला ती सहजासहजी आवरत नाही.