गाडी ओढ्यातून जाते, म्हणून इंजिनवर गन चालते का?

पावसाळा लागला की तेच सुरू होतं. ताम्हिणीच्या बाजूला चिखल तुडवून आलेली गाडी संध्याकाळी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढते. पोरगा बॉनेट उघडतो, प्रेशर वॉशरची गन हातात घेतो आणि विचारतो, "साहेब, इंजिनवर मारू का?" साहेब छाती फुगवून सांगतात, "मार बिनधास्त! गुडघाभर पाण्यातून काढलीये, तिला काय होतंय?"

पाण्यात उतरणं आणि पाण्याचा मारा सोसणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेली गाडी दुसरीत सपशेल नापास होऊ शकते.

ओढा कसा पार करायचा हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. थारला कंपनी ६५० मिलिमीटर खोल पाणी चालतं म्हणून सांगते, गुरखाला ७००. लो रेशिओ (फोर-बाय-फोरचा हळू पण ताकदीचा गिअर), एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही. बंपर पुढचं पाणी ढकलत नेतो, त्यामागे खळगा तयार होतो आणि बॉनेटखालची पातळी बाहेरच्यापेक्षा कमी राहते. बॉनेट बंद असतं, पाणी खालून येतं आणि थोड्या वेळात ओसरतं. स्नॉर्केल, म्हणजे छताच्या उंचीपर्यंत नेलेली हवेची नळी, लावलं असेल तर इंजिनात जाणारी हवा तेवढी उंचावरून येते. वायरिंगला त्याचा काडीचाही उपयोग नाही, पण हे सांगूनही लोकांना पटत नाही.

आता आकडे बघा. एक मीटर खोल पाण्याचा दाब होतो साधारण ०.१ बार. साधा घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास चालतो. हा दाब पंपातला, नोझलमधून सुटल्यावर धार फाकते आणि जोर झपाट्याने उतरतो हे खरं. पण वॉशिंगवाला गन लांब धरतो कुठे? चिखल निघेना म्हटल्यावर तो नोझल वीतभर अंतरावर आणतो, आणि नेमका कनेक्टरच्या सांध्यावर.

एखादा सेन्सरचा कनेक्टर सोडवून जवळून बघा. आत सिलिकॉनची बारीक रिंग असते, बहुधा केशरी किंवा निळी, तिच्या अंगावर दोन-तीन नाजूक कंगोरे. मागच्या बाजूला प्रत्येक वायरभोवती तसंच एक इवलंसं रबर. गाडी पाण्यात उभी असते तेव्हा या कंगोऱ्यांवर सगळीकडून सारखा आणि अगदी थोडा दाब येतो, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत. गनची धार मात्र एका बाजूने, तिरकी येते. ती कंगोरा उचलते किंवा दुमडते आणि वायरच्या कडेने आत शिरते. पुढची गंमत अशी की जे रबर पाणी आत येऊ देत नाही, तेच आत शिरलेलं पाणी बाहेरही पडू देत नाही. वरून सगळं कोरडं खडखडीत दिसतं, आत पिना हिरव्या पडत जातात. काही आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा लागतो. तोवर त्या धुण्याची आठवणही कुणाला नसते, आणि मेकॅनिक सेन्सर बदलून मोकळा होतो.

"पण पार्ट आयपी ६७ आहे ना!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारं मानांकन. शेवटचा ७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी चालतो, एवढंच. धारेच्या परीक्षा वेगळ्या असतात, ५ आणि ६ च्या. ७ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं त्या मानकातच नाही. दोन्ही परीक्षा दिलेल्या वस्तूवर दोन्ही आकडे लिहावे लागतात. आणि वॉशरच्या जवळून येणाऱ्या माऱ्याची परीक्षा तर तिसरीच, ६९के नावाची: ८० अंशांचं गरम पाणी, ८० ते १०० बार, १० ते १५ सेंटिमीटरवरून. तुमच्या बॉनेटखालचा प्रत्येक कनेक्टर हे देऊन आलाय, असं मानायला कसलाही आधार नाही.

यात उष्णतेची भर पडते. तापलेल्या बंद डब्यातली हवा गार पाण्याने आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. डिफरन्शियलच्या (चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी, नळी वर का नेतात, हे ज्याला कळतं त्याला हेही कळायला हवं. तरी तीच मंडळी ट्रेलवरून थेट रॅम्पवर जातात. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेले असताना गार पाणी मारलं तर धातूलाही तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडा, चहा घ्या, हात टेकवता येईल इतकं इंजिन निवू द्या.

मग धुवायचं कसं? आधी पाणी नकोच. वाळलेला चिखल, गवत, पाचोळा हाताने आणि ब्रशने काढा. एक्झॉस्टजवळ अडकलेलं गवत पेट घेऊ शकतं, त्यामुळे चकाचक इंजिनापेक्षा ते काढणं महत्त्वाचं. बॅटरीची मायनस बाजू सोडवा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा. मग शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश आणि झाडांना पाणी घालायचा साधा पाइप, नोझल न लावता. त्याहून सोयीचा हातपंपाचा फवारा. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या खळग्यात पाणी साचतं, तिथे ओला फडकाच पुरे. शेवटी ब्लोअरने वाळवा. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल तर केशरी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलच्या आसपास पाणी घेऊन जाऊच नका.

रेडिएटर मात्र खरंच धुवावा लागतो. काळी माती जाळीत बसून वाळली की घाटात तापमानाची सुई वर चढते. पाणी शक्य तितकं इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने सोडा आणि जोर कमी ठेवा. गनने जाळीचे पातळ पत्रे वाकले की त्यातून हवा जात नाही, मग चिखल परवडला. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण घातलीच असेल तर गोड्या पाण्याने खालून धुणं त्याच दिवशी व्हायला हवं.

गनला माझा विरोध नाही. चाकांच्या कमानी, चॅसी, टायर, तिथे खुशाल चालवा. फक्त अ‍ॅक्सलची सील, ब्रीदर आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) तेवढे सोडा.

आणि ते डिझेल मारणं बंद करा. धुऊन झाल्यावर इंजिनवर डिझेल फवारून "पॉलिश" केलं म्हणून वर पैसे घेतात. त्याने रबरी नळ्या आणि बेल्ट फुगून मऊ पडतात, धूळ दुप्पट चिकटते आणि तापलेल्या एक्झॉस्टशेजारी जळाऊ तेलाचा थर बसतो. चमक बघून गाडीमालक खूश होतो, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

एवढं करूनही गाडी मिसिंग मारायला लागली तर रेस करून "पाणी उडवायला" जाऊ नका. बंद करा, कॉइल आणि कनेक्टर एकेक करून सोडवा, हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, वाळू द्या आणि मगच स्टार्टर मारा.