बाई सांगत होती ते खरंच होतं

१९६० साली जॉन मनी या लैंगिकतेच्या अभ्यासकाने एक शोधनिबंध लिहिला. कण्याला इजा होऊन कमरेखालचं शरीर बधिर झालेल्या काही स्त्री-पुरुषांना स्वप्नात ऑरगॅझम, म्हणजे लैंगिक सुखाचा परमोच्च क्षण, येत होता. मनीने त्याला नाव दिलं 'फँटम ऑरगॅझम'. कापून टाकलेल्या पायाला खाज सुटते ना, तसाच मेंदूचा खेळ. तर्क बिनतोड वाटतो. मज्जारज्जूच तुटलाय, मग खालची खबर वर पोचणार कुठून? स्वप्नांपुरतं ते खरंही असेल. पण जागेपणीही जाणवतं असं सांगणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांना गप्प करायलाही हाच शब्द हाताशी होता.

गोम कुठे होती, तर मेंदूकडे जायचा रस्ता एकच आहे असं सगळे धरून चालले होते.

क्लिटोरिसचा (योनीच्या वरच्या नाजूक उंचवट्याचा) स्पर्श प्युडेंडल नसेतून जातो, योनीची जाणीव पेल्व्हिक नसेतून, गर्भाशयाची हायपोगॅस्ट्रिक नसेतून. तिन्ही मज्जारज्जूत शिरतात, पहिल्या दोन अगदी तळाशी, तिसरी त्यांच्याहून वर. चौथी नस मात्र त्या वाटेला जातच नाही. ती व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'भटकी'. कवटीतून निघायचं आणि मान, छाती, पोट असं हिंडत खाली उतरायचं, हा तिचा शिरस्ता. ती गर्भाशयाच्या मुखापर्यंत पोचत असेल, असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी हा प्रश्न धसास लावला. योनीतल्या उद्दीपनाने वेदना सहन करायची ताकद वाढते, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं. मोजायची रीत साधी होती. बोटावर यंत्राने दाब वाढवत न्यायचा आणि 'आता दुखतंय' असं बाई कधी म्हणते ते टिपायचं. पुढे हाच प्रयोग मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेल्या स्त्रियांवर केला. त्यांचीही सहनशक्ती वाढली, आणि काहींना तिथेच ऑरगॅझम आला. २००४ साली एमआरआयमध्ये दिसलं, की त्या वेळी मेंदूच्या बुंध्यातला, व्हेगस जिथे पोचते नेमका तोच भाग जागा होतो. बाईच्या 'मला जाणवतं' या दोन शब्दांवर विश्वास बसायला तिचं बोट चिमटावं लागलं, हे मला अजून खटकतं.

शिवाय इजा 'पूर्ण' आहे हे ठरवतात कसं? टाचणी आणि कापसाचा बोळा घेऊन त्वचा तपासतात, गुदद्वाराशी संवेदना आहे का बघतात. गर्भाशयाच्या मुखाला कुणी विचारतच नाही.

म्हणून सगळ्यांना सगळं जमतं असं नाही. २००१ साली मार्का सिप्स्की आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून कमी जणी ऑरगॅझमपर्यंत पोचल्या, त्याही जास्त वेळ घेऊन. कण्याच्या अगदी तळाचे प्रतिक्षिप्त मार्ग पार नष्ट झालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं, बाकीच्यांत ५९. इजा किती मोठी याइतकंच ती कुठे झाली यालाही महत्त्व आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर एक धोका माहीत हवा. संभोगात अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब भडकला असण्याची शक्यता असते. लगेच थांबायचं, ताठ बसायचं, आणि उतार पडला नाही तर वैद्यकीय मदत घ्यायची.

आणि इजेनंतर पाळी काही महिने बंद राहू शकते, पण बहुतेकींची परत सुरू होते. मूल होऊ शकतं. नको असेल तर गर्भनिरोधक लागतंच.

आता आरशाकडे येऊ, म्हणजे आपलं शरीर आपल्याला कसं वाटतं याकडे. १९९८ साली जन्मांध, नंतर दृष्टी गेलेल्या आणि डोळस अशा तीन गटांतल्या स्त्रियांची तुलना झाली. आपल्या शरीरावर सगळ्यात कमी नाराज होत्या जन्मांध स्त्रिया, सगळ्यात जास्त डोळस. न्यूनगंड अपंगत्वातूनच उगवतो, ही समजूत इथे लंगडी पडते. अमेरिकी संशोधक मार्गारेट नोसेक स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. त्यांनी १९९०च्या दशकात शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यांची लैंगिक इच्छा इतर स्त्रियांइतकीच होती, कमी होती ती संधी. अपंगत्व किती तीव्र आहे याचा लैंगिक आयुष्याशी ठळक संबंध आढळलाच नाही.

या सगळ्यात बाईला पडणारे प्रश्न फार साधे असतात. लघवीची नळी कायम बसवलेली आहे, तर संभोगाआधी काढायची का? गरज नाही. मूत्रमार्ग आणि योनी ही दोन वेगळी द्वारं आहेत. नळी ओढली जाणार नाही अशी मांडीला किंवा पोटाला चिकटपट्टीने लावून ठेवली की झालं. उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांचा तेवढा वेळ सोबत आलेल्या माणसाशी बोलण्यात जातो.